उतरलेले भाडे आणि आपली फी

अलास्काच्या सफरींचे बुकिंग आपल्याकडे दिवाळीनंतर जोर धरते. हंगाम मे ते सप्टेंबरचा. सिएटल किंवा व्हँकूव्हरहून सुटणारे जहाज, सात रात्री, बाल्कनीची केबिन आणि पुढे-मागे मुलाकडे मुक्काम, असा बेत ठरतो. डिपॉझिट भरले जाते आणि जानेवारी उजाडतो. जानेवारी ते मार्च हा क्रूझ कंपन्यांच्या सवलतींचा मोसम, धंद्याच्या भाषेत ‘वेव्ह सीझन’. सॅन होजेला राहणारा मुलगा एका रात्री आईवडिलांच्या केबिनचे भाडे बघतो, स्क्रीनशॉट काढतो आणि बाबांना पाठवतो. सकाळी ऑफिस उघडायच्या आत तो आपल्या व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन पडलेला असतो. खाली एकच ओळ: “चारशे डॉलर कमी दाखवतंय. आपल्याला का नाही?”

प्रश्न रास्त आहे, पण आपल्याकडून मिळणारी उत्तरे तऱ्हेतऱ्हेची असतात. कोणी “ते भाडं अमेरिकेतल्या लोकांसाठी आहे” म्हणून विषय मिटवतो. कधी ते खरेही असते, कारण प्रवाशाच्या रहिवासाच्या देशानुसार वेगळी भाडी ठेवण्याची पद्धत आहे. पण खरे आहे की नाही हे न तपासताच ते सांगितले जाते. कोणी “आता काही होत नाही” म्हणतो, तेव्हा फायनल पेमेंटला अजून महिना-दीड महिना असतो. कोणी निमूटपणे कंपनीशी बोलून भाडे कमी करून घेतो आणि त्या कामाचा एक पैसाही मागत नाही. पहिले दोघे ग्राहक गमावतात, तिसरा पैसे. भाड्यावर लक्ष ठेवणे हे काम आहे, आणि ते आपल्या फीमध्ये उघडपणे बसवल्याशिवाय यातून सुटका नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आधी हिशेब मांडू. समजा, दोघांच्या केबिनची एकूण किंमत 3,000 डॉलर आहे. त्यात बंदर शुल्क आणि कर 300 आणि ज्यावर कमिशन मिळत नाही तो भाग, म्हणजे एनसीएफ, आणखी 300. उरलेल्या 2,400 वर 12 टक्के धरले तर कमिशन 288 डॉलर. आता भाडे 400 ने उतरते. कर आणि एनसीएफ जागच्या जागी राहतात. कात्री लागते ती नेमकी कमिशनवाल्या भागाला. 2,000 वर 12 टक्के म्हणजे 240. ग्राहकासाठी किंमत सुमारे 13 टक्क्यांनी घटली, आपले कमिशन जवळजवळ 17 टक्क्यांनी. मधल्या होलसेलरचा वाटा त्यातून जायचा तो वेगळाच. शिवाय हे 48 डॉलर घालवण्यासाठी फोनवर ताटकळायचे आपण, नवे कन्फर्मेशन ओळ न् ओळ तपासायचे आपण आणि बिल बदलायचे तेही आपणच.

ग्राहकाचे भले केले की स्वतःच्या खिशाला चाट बसते, अशी ही व्यवस्था आहे. तीत एखाद्याने भाड्याकडे पुन्हा ढुंकून पाहिले नाही, तर त्याला बेइमान म्हणण्याआधी त्याला त्या कामाचे मिळते काय, हे विचारले पाहिजे.

हे काम सोपेही नसते. मुलाने पाहिलेला आकडा बहुतेक वेळा अर्धीच गोष्ट सांगतो. पहिली तपासणी केबिनच्या कॅटेगरीची: आपण घेतलेली जहाजाच्या मध्यावरची बाल्कनी आणि स्वस्त दिसणारी ‘गॅरंटी’ बाल्कनी, जिचा नंबर कंपनी मागाहून देते, या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दुसरी तपासणी भाड्याच्या प्रकाराची: डिपॉझिट परत मिळणारे भाडे आणि न मिळणारे भाडे यांच्या अटी वेगळ्या, आणि एकातून दुसऱ्यात जाण्याचे नियमही वेगळे. तिसरी तपासणी सोबत मिळालेल्या गोष्टींची. जुन्या ऑफरमध्ये 200 डॉलरचे ऑनबोर्ड क्रेडिट होते आणि नवे भाडे 250 ने कमी असूनही त्यात ते नाही, तर खरी बचत फक्त 50 डॉलरची. ड्रिंक्स पॅकेज किंवा वायफाय जात असेल तर ग्राहक उलट तोट्यात जातो. असे असेल तेव्हा “बदलू नका” हा सल्लाच मोलाचा असतो. त्या सल्ल्याचे कमिशन कोणतीही कंपनी देत नाही.

त्यात भर रुपयाची. भाडे डॉलरमध्ये, ग्राहकाचे गणित रुपयांत. 3,000 डॉलरचे कोटेशन 84 च्या दराने 2,52,000 रुपयांचे होते. पुढे भाडे 2,950 झाले, पण पैसे भरायच्या दिवशी दर 86 असला तर होतात 2,53,700. डॉलरमध्ये 50 ने उतरलेले भाडे रुपयांत 1,700 ने चढले. हे आधी लिहून दिले नसेल, तर फरक एजंटनेच खाल्ला अशी ग्राहकाची समजूत होते, आणि ती नंतर कितीही आकडेमोड दाखवून जात नाही.

मग तारखांचा प्रश्न. भाडे बदलून मिळण्याची खिडकी साधारणपणे फायनल पेमेंटपर्यंतच उघडी असते. आठवडाभराच्या सफरीला अनेक कंपन्या ती तारीख 90 दिवस आधी ठेवतात. 15 जूनला जहाज सुटणार असेल तर ती 17 मार्चला येते. पण आपले पैसे होलसेलरमार्फत जातात आणि तो स्वतःची तारीख आणखी अलीकडे ओढतो. म्हणजे आपल्याला खरी मुदत मार्चच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंतचीच. त्यानंतर भाडे उतरले तर पैसे परत मिळत नाहीत. फार तर जहाजावर खर्चायला थोडे क्रेडिट किंवा वरची केबिन, तेही कंपनीच्या मर्जीवर. आणि गंमत अशी की, डळमळीत बुकिंग याच तारखेच्या आसपास रद्द होतात, केबिन मोकळ्या होतात आणि काही सफरींची भाडी नेमकी तेव्हाच खाली येतात. म्हणून थांबून बघावे असेही नाही. भरलेल्या जहाजांची भाडी सुटण्याचा दिवस जवळ येईल तशी वाढतच जातात, आणि शाळांच्या सुट्टीत चार जणांची केबिन हवी असलेल्या कुटुंबाला तर उशिरा काहीच हाती लागत नाही. हे सगळे ग्राहकाला पहिल्याच भेटीत सांगण्याजोगे आहे. आपण ते स्क्रीनशॉट आल्यावर सांगतो, आणि मग ते सबबीसारखे वाटते.

आता फीकडे येऊ. कमिशनवर विसंबून राहण्याचे काय होते, हे विमान तिकिटांनी आपल्याला शिकवले आहे. अमेरिकेत डेल्टाने 1995 च्या फेब्रुवारीत कमिशनवर कमाल मर्यादा घातली आणि 2002 च्या मार्चमध्ये मूळ कमिशनच बंद केले. बाकीच्या मागोमाग आल्या. आपल्याकडे 2008 साली तेच झाले. तेव्हा आंदोलने झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि सर्व्हिस चार्ज मागितला तर ग्राहक पळेल असे घराघरांतून बोलले गेले. पळाले ते फक्त तिकिटासाठी येणारे. ज्यांना मार्गदर्शन हवे होते ते राहिले. क्रूझवर आजही बऱ्यापैकी कमिशन मिळते, म्हणून आपण निवांत आहोत. फीची सवय लावायची ती अशाच काळात. कमिशन गेल्यावर लावलेली फी ग्राहकाला दंडासारखी वाटते.

फी कशी असावी, याबद्दल आमच्या सूचना अशा. ती केबिनमागे ठरावीक रकमेची असावी, भाड्याच्या टक्क्यांत नको. टक्क्यांत घेतली की भाडे उतरताना फीही उतरते आणि पुन्हा तोच तिढा. वाचवलेल्या रकमेत वाटा मागण्याची पद्धत तर त्याहून घातक. दिसायला ती न्याय्य दिसते, पण सुरुवातीला महाग भाडे गळ्यात मारून मग ‘बचत’ दाखवण्याचा मोह तिच्यातच आहे. फीमध्ये काय येते ते मोजून लिहावे: भाड्याची तपासणी किती वेळा आणि कधी, म्हणजे वेव्ह सीझनमध्ये एकदा, आपल्या फायनल पेमेंटच्या दहा दिवस आधी एकदा, आणि ग्राहकाने स्वतः विचारले तर आणखी एकदा. रोज भाडे बघण्याचे वचन कोणी देऊ नये. ते पाळले जात नाही. ग्राहकाने सफर रद्द केली तर फी परत मिळणार नाही, हेही त्याच कागदावर असावे, कारण फायनल पेमेंटआधी रद्द झालेल्या बुकिंगवर कंपनीकडून आपल्याला दमडी मिळत नाही. आणि एकदा फी घेतली की भाडे बदलून देण्याचा वेगळा चार्ज लावू नये. आपल्या आळसाला किंमत लावल्यासारखे ते दिसते.

फीचा आकडा कोटेशनच्या पहिल्याच पानावर हवा. हा केवळ सभ्यतेचा मुद्दा नाही. किंमत तुकड्यातुकड्याने उघड करणे, म्हणजे ‘ड्रिप प्रायसिंग’, हे 30 नोव्हेंबर 2023 च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या ‘डार्क पॅटर्न’मध्ये धरले आहे. कॅलिफोर्नियात 1 जुलै 2024 पासून जाहिरातीतल्या किमतीत सक्तीचे सगळे शुल्क धरावे लागते, आणि त्यानंतर मोठ्या क्रूझ कंपन्यांनी अमेरिकेत बंदर शुल्कासकट भाडी दाखवायला सुरुवात केली. म्हणजे तिथला मुलगा जो आकडा बघतो त्यात बरेच काही धरलेले असते, आणि आपल्या कोटेशनमध्ये मोठ्या अक्षरांत नुसते मूळ भाडे. अशा तुलनेत आपण आपल्याच हाताने संशय ओढवून घेतो. जहाजावरची ग्रॅच्युइटी, जी अमेरिकी कंपन्यांत दर माणशी दर रात्री सोळा ते वीस डॉलरच्या घरात जाते, तीही याच पानावर असावी. फीवर 18 टक्के जीएसटी दाखवावा: 3,000 रुपये फी, 540 जीएसटी, एकूण 3,540. सगळे एकाच टूर पॅकेजच्या बिलात घालत असाल तर कर कसा लागतो, हे आपल्या सीएला विचारूनच ठरवावे.

“शेजारचा फुकटात करतो, माझ्याकडे कोण फी भरेल?” ही शंका प्रत्येक सभेत निघते. शेजारचा फुकटात करतो म्हणजे काय करतो, ते बघितले पाहिजे. बहुतेक वेळा तो अर्धे कमिशन ग्राहकाला सोडून बुकिंग मिळवतो आणि डिपॉझिट भरले की ती फाइल पुन्हा उघडत नाही. उघडायला त्याला परवडतच नाही. शिवाय आपले तेच ग्राहक व्हिसाचा सर्व्हिस चार्ज कुरकुर न करता देतात. व्हिसाचे काम त्यांना दिसते: फॉर्म, फोटो, अपॉइंटमेंट. भाड्याची तपासणी दिसत नाही, म्हणून ती दाखवली पाहिजे. तपासणीच्या दिवशी दोन ओळींचा मेसेज पाठवा: आज अमुक कॅटेगरीचे भाडे इतके, आपले इतके, बदलण्यात फायदा आहे किंवा नाही, कारण असे. भाडे चढलेले असले तरी पाठवा. फी कशाची, हे त्या मेसेजनंतर कोणी विचारणार नाही.

कंपन्यांकडेही एक मागणी केली पाहिजे. फायनल पेमेंटआधी एजंटने स्वतःहून भाडे कमी करून घेतले, तर मूळ बुकिंगचे कमिशन कायम राहावे. ग्राहक खूश राहतो, बुकिंग टिकते, दुसऱ्या कंपनीकडे जात नाही. यात कंपनीचाही लाभ आहे. कंपन्यांना हे अशक्य नाही. 2020 च्या मार्चमध्ये जहाजे थांबली, तेव्हा पूर्ण पैसे भरलेल्या आणि कंपनीने रद्द केलेल्या सफरींवरचे कमिशन काही मोठ्या कंपन्यांनी राखले होते. टाय आणि टाफी या ट्रॅव्हल एजंटांच्या संघटनांनी क्रूझ कंपन्यांच्या भारतातील प्रतिनिधींकडे ही मागणी लेखी मांडावी. तिचे उत्तर यायला वेळ लागेल. फीची ओळ आपल्या कोटेशनमध्ये टाकायला मात्र कोणाच्या उत्तराची वाट बघण्याचे कारण नाही.