परतीची तिथी

दिवाळी आटोपते, भात आणि नागली घरात येते, आणि जव्हार-मोखाड्याचे पाडे हळूहळू रिकामे होऊ लागतात. म्हातारी माणसे, एखाद-दुसरे लेकरू आणि चार कोंबड्या मागे राहतात. बाकीचे कुटुंब भांडीकुंडी बांधून वाट धरते. कोणी भिवंडी-कल्याणच्या वीटभट्ट्यांवर, कोणी वसई-ठाण्याच्या बांधकामांवर, तर कोणी नाशिककडच्या द्राक्षबागांत. सरकारी कागदांत याला 'हंगामी स्थलांतर' म्हणतात. पाड्यावरची माणसे साध्या शब्दांत 'जगायला जाणे' म्हणतात.

ठाणे, डोंबिवली, पार्ले, पुणे येथील मध्यमवर्गीय घरांना दुसरे एक स्थलांतर अधिक परिचयाचे आहे. मुलगा न्यू जर्सीला, सून त्याच्याबरोबर, नातवंडे दूरध्वनीच्या पडद्यावर आणि आई-वडील तीन खोल्यांच्या सदनिकेत. त्याला आपण 'सेटल होणे' म्हणतो. एक स्थलांतर आपल्याला दयेचा विषय वाटतो, तर दुसरे अभिमानाचा. परंतु दोहोंकडे शांतपणे पाहिले, तर संगणक अभियंत्याच्या आयुष्याविषयी काही गोष्टी जव्हार-मोखाड्याच्या रस्त्यावर अधिक स्पष्ट दिसतात.

ही तुलना अनेकांना रुचणार नाही, हे ठाऊक आहे. आणि तिला मर्यादा आहेतच. वीटभट्टीवर जाणारा पोटासाठी जातो. अभियंता बहुधा अधिक चांगल्या आयुष्यासाठी जातो. एकाच्या मुलांची शाळा सुटते, दुसऱ्याच्या मुलांना उत्तम शाळा मिळते. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी साऱ्या महाराष्ट्राला मान खाली घालायला लावली होती. त्या दारिद्र्याची बरोबरी कॅलिफोर्नियातील कोणत्याही चिंतेशी होऊ शकत नाही. तरीही माणूस घरापासून दूर राबू लागला, की त्याच्या आयुष्याला जी चौकट पडते, ती दोन्हीकडे विलक्षण सारखी आहे.

वीटभट्टीचा मजूर निघण्यापूर्वी मालकाकडून 'उचल' घेतो. पावसाळ्यातील उपासमार, लग्न वा आजारपण यांसाठी घेतलेली ती रक्कम पुढील हंगामभर फेडायची असते. आठवड्याला 'खर्ची' मिळते. खरा हिशेब हंगामाच्या अखेरीस होतो. तोवर मजुरी पटो वा न पटो, भट्टी सोडता येत नाही. वेठबिगारी रद्द करणारा कायदा १९७६ साली झाला. उचलीचा फास मात्र पुरता सैल झालेला नाही.

आता अभियंत्याकडे पाहा. १९९०च्या अमेरिकी कायद्यातून आलेला 'एच-वन-बी' परवाना प्रथम तीन वर्षांचा, मुदतवाढ धरून सामान्यतः सहा वर्षांचा असतो. तो माणसाच्या नावाने असला, तरी उभा असतो कंपनीच्या अर्जावर. नोकरी गेली, तर दुसरा मालक शोधण्यास अथवा देश सोडण्यास सर्वसाधारणपणे साठ दिवस मिळतात. कायम वास्तव्याच्या 'ग्रीन कार्डा'साठी कोणत्याही एका देशाच्या वाट्याला सुमारे सात टक्क्यांहून अधिक जागा येत नाहीत. त्यामुळे भारतीयांची रांग दशकांची झाली आहे. अमेरिकेचे परराष्ट्र खाते दरमहा जे पत्रक काढते, ते ही मंडळी पंचांगासारखी वाचतात. आपली तारीख किती पुढे सरकली? दरम्यान मूल एकवीस वर्षांचे झाले, तर आई-वडिलांच्या परवान्यावर राहण्याचा त्याचा हक्क संपतो. पत्नी उच्चशिक्षित असली, तरी २०१५ पर्यंत अशा अवलंबितांना नोकरीची मुभाच नव्हती. आजही ती अटींसह आहे. वेतन लाखांचे असेल, पण बढती, शहर, घर आणि प्रवास या साऱ्यांचा निर्णय त्या एका कागदाकडे पाहून घ्यावा लागतो. ही उचल पैशांची नाही, भवितव्याची आहे.

२०२२-२३ मधील मोठ्या नोकरकपातीने हे अनेकांना उमगले. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले, तेव्हा नियम नेमका कोणाला लागू आहे हे कळण्यापूर्वीच मायदेशी आलेल्या अनेकांनी सुट्टी अर्धवट टाकून विमाने पकडली. वडील अतिदक्षता विभागात आहेत आणि आपण गेलो तर परवान्याचा शिक्का मिळून वेळेवर परतता येईल का, हा प्रश्न असंख्य मराठी घरांत रात्री उशिरा, हलक्या आवाजात विचारला गेला आहे. यशाच्या कथांत त्याला जागा मिळत नाही.

एका बाबतीत मात्र मोखाड्याचा मजूर या अभियंत्याहून श्रीमंत आहे. त्याला परतीची तिथी ठाऊक असते. शिमग्याला तो घराची वाट धरतो. मृगापूर्वी तर त्याला आलेच पाहिजे, कारण राब भाजून भाताची पेरणी करायची असते. मोखाड्याचा बोहाडा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ठाऊक असेल की तेथील देवदेवतांचे मुखवटे हे केवळ रंगवलेले लाकूड वा कागद नव्हेत. कोणते सोंग कोणी नाचवायचे, याचा मान घराण्यांत चालत आलेला असतो. ज्याचा मान आहे, त्याने यायचे असते. त्याची जागा ठरलेली आहे आणि गाव त्याची वाट पाहते.

परदेशातील आपल्या मंडळींनीही संस्कृती टाकलेली नाही, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून कार्यरत आहे. मंडळांतून गणपती बसतात, मराठी शाळा चालतात. पण तेथे सण तिथीला होत नाहीत, जवळच्या शनिवार-रविवारी होतात. ही सोय आहे, दोष नव्हे. तथापि तिथी एकदा सरकू लागली, की परतीची तिथीही सरकू लागते. 'दोन वर्षांनी', मग 'कर्ज फिटल्यावर', मग 'मुलांचे शिक्षण झाल्यावर', आणि अखेरीस मुलेच तिकडची होऊन जातात. परत न जाण्याचा निर्णय असा कोणी घेतच नाही. तो आपोआप होऊन बसतो.

याच प्रदेशाजवळच्या कल्याणात १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेस निघाल्या. त्यापूर्वी श्रीरामपूर येथील भाषणात त्यांनी आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असा निर्धार बोलून दाखविला. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयातील स्त्री-विभागाचे काम त्यांची वाट पाहत होते. क्षयाने त्यांना ते करू दिले नाही. फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या प्रवासात जाण्याइतकेच परतणेही आरंभापासून ठरलेले होते, आणि परतल्यावर करावयाचे कामही.

येथेच प्रश्न आपल्याकडे वळतो. परतणाऱ्यासाठी आपण काय राखून ठेवले आहे? जव्हार-मोखाड्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. मोखाडा तालुक्यात २०१४ साली पूर्ण झालेले मध्य वैतरणा धरण मुंबईला दररोज साडेपंचेचाळीस कोटी लिटर पाणी देण्यासाठी उभे राहिले. आणि त्याच तालुक्यातील पाडे एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहतात. पाणीही स्थलांतर करते, पण ते हंगाम संपल्यावर परत येत नाही. अशा ठिकाणी 'गाव सोडू नका' हे प्रवचन निरर्थक आहे. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली स्थापिलेल्या 'बाएफ'ने या भागात प्रवचन दिले नाही. आंबा-काजूच्या वाड्या आणि मोगऱ्याची लागवड यांना हात दिला. ज्या घराला बारमाही पाणी आणि हातात रोकड देणारे पीक मिळाले, त्या घराला दिवाळीनंतर बाहेर पडण्याची निकड उरली नाही.

अभियंत्यांनाही हाच न्याय लावावा. देशभक्तीच्या नावाने त्यांना दूषणे देऊन कोणी परतणार नाही. ज्यांना परतायचे आहे, त्यांच्यापुढे मात्र आज सर्वांत मोठा अडथळा बहुधा आपणच आहोत. मोखाड्याचा मजूर परतला, की पाड्यावर आनंद होतो. अमेरिकेतला मुलगा परतला, की सोसायटीत कुजबूज सुरू होते : काढून टाकले का? जमले नाही का? विवाहाच्या बोलण्यांत 'ग्रीन कार्ड' हा गुण आणि 'परत आला' हा खुलासा मागणारा दोष ठरतो. ज्या समाजात परतणे म्हणजे पराभव, त्या समाजाने रिकाम्या घरांबद्दल अश्रू ढाळू नयेत.

म्हणूनच वाचकांपैकी ज्यांची मुले जाणार आहेत, त्यांनी निघण्यापूर्वी परतीचे वर्ष मोकळेपणाने बोलून ठरवावे. नंतर ते बदलले तरी चालेल, पण विचारपूर्वक बदलावे. ज्यांची मुले तिकडे स्थिरावली आहेत, त्यांनी वर्षातील काही आठवडे त्यांना केवळ हॉटेले आणि खरेदीत घालवू देऊ नयेत; जव्हारच्या एखाद्या आश्रमशाळेत त्यांचे ज्ञान आजही उपयोगी पडेल. आणि ज्यांचा मुलगा, काहीही कारणाने, सामान घेऊन दारात उभा राहील, त्यांनी कारण विचारण्याची घाई करू नये. आधी त्याला घरात घ्यावे, जेवू घालावे, आणि शेजाऱ्यांना ताठ मानेने सांगावे की आमचा मुलगा घरी आला आहे.