नाव कुणाला, नंबर कुणाला?

'डीपर्सनलाईज' हा शब्द आमच्या आयटीत मोठ्या कौतुकाने वापरतात. म्हणजे काय, तर भावना बाजूला ठेवून मुद्द्यावर बोला. ऐकायला झकास! पण मंडळी, या शब्दाच्या पोटात दोन अर्थ आहेत. एक, गोष्ट व्यक्तिनिरपेक्ष करणं. दुसरा, माणसाचं माणूसपण काढून घेणं. पहिल्याचं लेबल लावून दुसरा खपवला जातो, आणि माझं भांडण नेमकं त्याच्याशी आहे.

पहिला अर्थ चांगलाच आहे. दहावीच्या उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, नंबर असतो. आपल्याकडे आडनावावरून जात ओळखायला दोन सेकंद पुरतात, त्यामुळे तिथे नाव झाकणं म्हणजे पोराचं रक्षणच. पेशंटची माहिती संशोधनाला देताना नाव-पत्ता उडवतात, तेही बरोबर. नंबरच्या आडोशाला दुबळा माणूस सुरक्षित राहत असेल तर माझी काहीच हरकत नाही.

आता दुसरा अर्थ. त्यासाठी आमच्या गोंदिया जिल्ह्यात या. नागझिऱ्याचा 'जय' वाघ आठवतोय? 'शोले'तल्या जयवरून नाव पडलेला. २०१३ मध्ये तो जंगलं, शेतं ओलांडत उमरेड-कऱ्हांडल्याला गेला आणि एप्रिल २०१६ मध्ये गायब झाला. केवढा गदारोळ झाला होता! पेपर, चॅनेल, शोधमोहिमा... मे २०२३ मध्ये त्याच नागझिऱ्यात दोन वाघिणी आणून सोडल्या. कागदावर त्या एनटी-१ आणि एनटी-२. उद्या त्यांतली एखादी दिसेनाशी झाली तर किती जण हळहळतील?

तिकडे यवतमाळात उलटं झालं. वनखात्याची 'टी-१' शहरातल्या लोकांसाठी 'अवनी' झाली. नोव्हेंबर २०१८ मध्ये तिला गोळी घातली तेव्हा मुंबईत लोक रस्त्यावर उतरले. तिच्यावर १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. त्या १३ पैकी एकाचं तरी नाव सांगा बघू.

नाही ना आठवत?

वाघिणीसाठी रडू नका असं मी म्हणत नाहीये. पण वाघिणीला नाव मिळालं आणि माणसांचा आकडा झाला, हे कुणी ठरवलं? जंगलापासून शेकडो किलोमीटर दूर बसलेल्यांनी. आमच्याकडे मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला पहाटे जंगलात जाणारी बाई मेली, की शहरात पोचते ती दोन शब्दांची बातमी : 'महिला ठार'.

ही झाली एक बाजू, ज्याच्यावर बेतते त्याचं नाव पुसायची. दुसरी बाजू आणखी बेरकी आहे : करणाऱ्याचं नाव पुसायचं. आपली सरकारी मराठी बघा. 'अर्ज नामंजूर करण्यात आला आहे.' कुणी केला? वाक्यातला कर्ताच फरार! आणि हसू नका, आपण आयटीवाले काही वेगळे नाही. 'दोन रिसोर्स रिलीज झाले.' झाले? पिकून आपोआप गळाले की काय झाडावरून? कुणीतरी खुर्चीत बसून एक्सेलमधल्या दोन ओळी उडवल्या. एका ओळीमागे घराचा हप्ता होता, दुसरीमागे गावाकडचे म्हातारे आई-बाप. या एकाच वाक्यात ज्यांची नोकरी गेली तेही दिसत नाहीत आणि ज्याने घालवली तोही नाही. च्यायला, इतकं स्वच्छ काम तर आपलं सॉफ्टवेअरही करत नाही!

लोक म्हणतात, भावना आणल्या तर निर्णय घेताच येणार नाहीत. चूक. कठोर निर्णय नाव घेऊनही घेता येतो. फक्त मग तो घेताना घसा कोरडा पडतो, आणि पडायलाच हवा.

कसोटी सोपी आहे. नाव झाकल्याने वाचतंय कोण? परीक्षेला बसलेलं पोर वाचत असेल तर जरूर झाका. खुर्ची वाचत असेल तर मुळीच नको. सोमवारी कुणी 'एक रिसोर्स कमी करू' म्हणालं, तर शांतपणे एवढंच विचारा, "नाव काय त्याचं?"