दारूच्या रांगेतले डिझेल

१ जुलै २०१७ रोजी वस्तू आणि सेवा कर लागू झाला आणि मुंबईच्या वेशीवरचे जकात नाके उठले. दहिसरला, मुलुंडला कागदांची चळत हातात घेऊन तासन्‌तास ताटकळणारा ट्रकचालक त्या दिवशी मोकळा झाला, याचे श्रेय त्या कराला द्यायलाच हवे. पण ज्यावर त्याचा ट्रक चालतो ते डिझेल मात्र नव्या व्यवस्थेच्या उंबऱ्याबाहेरच राहिले. पिण्याची दारू घटनेनेच जीएसटीच्या कक्षेबाहेर ठेवली. कच्चे तेल, पेट्रोल, डिझेल, नैसर्गिक वायू आणि विमानाचे इंधन हे पाच पदार्थ तत्त्वतः आत घेतले, पण जीएसटी परिषद शिफारस करील त्या तारखेपासून. सप्टेंबर २०२१मध्ये लखनौच्या बैठकीत विषय निघाला, ‘आत्ता ती वेळ नाही’ असे ठरले आणि मिटला. त्यामुळे करवसुलीच्या वहीत डिझेल अजून दारूच्या शेजारी बसते. तिजोरीला चणचण भासली की दोघांवरही हात टाकता येतो. फरक इतकाच, की पिणाऱ्याने दारू सोडली तर घरचे देवाला नारळ फोडतात; ट्रकवाल्याने डिझेल सोडायचे म्हणजे धंदाच सोडायचा. डिझेल हे मालवाहतुकीचे साधन आहे, चैनीची वस्तू नव्हे, आणि त्यावरचा कर त्याच नजरेने ठरला पाहिजे, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे.

जीएसटीचा सगळा डोलारा एका साध्या तत्त्वावर उभा आहे: करावर कर नको. इचलकरंजीचा कारखानदार सुतावर भरलेला कर कापडावरच्या करातून वजा करून घेतो. ट्रकच्या टायरवर किंवा सुट्या भागांवर भरलेल्या कराचीही वजावट नियमात निदान शक्य आहे. पण मालवाहतुकीतला सगळ्यात मोठा खर्च डिझेलचा, आणि त्यावरच्या कराचा एक पैसाही कुठे वळता होत नाही. २०२५च्या उन्हाळ्यातला हिशेब मांडून पाहू. एप्रिलमध्ये केंद्राचे उत्पादन शुल्क डिझेलवर लिटरमागे १७ रुपये ८० पैसे झाले. त्यावर राज्याचा २१ टक्के व्हॅट. तोही नुसत्या डिझेलवर नाही, तर केंद्राच्या शुल्कासकट किमतीवर. पंपावर साधारण ९० रुपयांना मिळणाऱ्या लिटरमध्ये दोन्ही सरकारांचे मिळून ३३ रुपये निघतात. भिवंडीच्या गोदामातून माल भरून नागपूरला जाणारी दहाचाकी गाडी लिटरला चार किलोमीटरच्या आसपास धावते. आठशे किलोमीटरला दोनशे लिटर. परतीचे भाडे मिळून गाडी भरून आली तर आणखी दोनशे. म्हणजे एका खेपेत तेरा हजार रुपयांच्या आसपास कर फक्त टाकीतून जातो. गाडीत साबण असो, खत असो की ज्यावर जीएसटी मुळीच नाही असा सुटा तांदूळ असो, हा कर मालाच्या किमतीत विरघळतो आणि कोणत्याही बिलावर दिसत नाही.

इंधनाचे भाव बाजारावर सोडले आहेत, असे आपल्याला सांगितले जाते. पेट्रोल २०१०मध्ये आणि डिझेल ऑक्टोबर २०१४मध्ये नियंत्रणमुक्त झाले. जून २०१७पासून भाव रोज बदलू लागले. कच्चे तेल महागले की पंपावर महागाई आणि उतरले की स्वस्ताई, असा हा सौदा होता. प्रत्यक्षात स्वस्ताईची पाळी आली की सरकार मध्ये उभे राहिले. २०१४च्या मध्याला डिझेलवरचे केंद्राचे शुल्क ३ रुपये ५६ पैसे होते. तेलाचे भाव कोसळू लागले तसे नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात ते नऊ वेळा वाढवले गेले. करोनाच्या टाळेबंदीत, एप्रिल २०२०मध्ये, भारताला मिळणारे कच्चे तेल पिंपाला २० डॉलरच्या आसपास आले, आणि मे महिन्यात डिझेलवर एका फटक्यात १३ रुपये वाढवून शुल्क ३१ रुपये ८३ पैशांवर नेले. सहा वर्षांत जवळजवळ नऊपट. त्या रात्री पंपावरचा भाव वाढला नाही, म्हणून फारशी ओरडही झाली नाही. ७ जूनपासून मात्र भाव रोज चढत गेले आणि त्याच महिन्यात दिल्लीत डिझेलने पेट्रोललाही मागे टाकले, जे त्याआधी कधी घडले नव्हते. पुढे नोव्हेंबर २०२१मध्ये, ऐन दिवाळीच्या आदल्या दिवशी, आणि मे २०२२मध्ये शुल्क उतरले, हेही नोंदवले पाहिजे. तरी उतरून उतरून ते १५ रुपये ८० पैशांवर थांबले. एप्रिल २०२५मध्ये कच्चे तेल पुन्हा घसरले तेव्हा शुल्क दोन रुपयांनी वाढले. पंपावरचा आकडा हलला नाही. वाहनधारकाच्या वाट्याला येऊ शकणारी घट तेवढी गेली.

राज्याची वहीसुद्धा काही निराळी नाही. २०१५च्या दुष्काळात मदतीच्या खर्चासाठी म्हणून महाराष्ट्राने पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे दोन रुपयांचा अधिभार लावला. पुढे पाऊस झाला, धरणे भरली. पेट्रोलवरचा अधिभार मात्र नाव आणि रक्कम बदलत राहिला. २०२४च्या जुलैतल्या कपातीनंतरही २५ टक्के व्हॅटच्या वर लिटरमागे ५ रुपये १२ पैसे वेगळे उरलेच. सत्तेवर कोण होते याने फारसा फरक पडला नाही.

हा कर शेवटी कोणाच्या खिशातून जातो? वाहतूकदार भाडे वाढवतो आणि मोकळा होतो, असा एक सर्रास समज आहे. मोठ्या वाहतूक कंपन्यांच्या बाबतीत तो बराचसा खराही आहे, कारण कारखान्यांशी होणाऱ्या त्यांच्या करारात डिझेल अमुक इतके चढले की भाडे तमुक इतके वाढेल असे कलम असते. पण रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या एक ते पाच ट्रक असलेल्या मालकांच्या आहेत. त्यांना कलम नाही, करारही नाही. दलालाचा फोन आणि त्या दिवशीचा भाव. अड्ड्यावर माल कमी आणि गाड्या जास्त अशी स्थिती असली, की डिझेल कितीही चढो, भाडे चढत नाही. डिझेलचे पैसे पंपावर रोख मोजावे लागतात. भाड्याचा काही भाग आगाऊ मिळतो, तो टाकीत आणि टोलमध्ये संपतो. उरलेली रक्कम मालाची पोहोच दाखवल्यावर, महिन्या-दोन महिन्यांनी. त्यातूनही हमाली, वाराई आणि मालात खोट निघाली तर कपात. बँकेचा हप्ता मात्र तारखेला. या चिमट्यात सापडलेला मालक काय करतो, तर टायर आणखी एक फेरी रेटतो, चालकाला विश्रांती न देता पुढची खेप लावतो, जमेल तिथे क्षमतेपेक्षा जास्त भरतो. इंधनकराचा हा भाग कुठल्याच अर्थसंकल्पात येत नाही. तो महामार्गाच्या कडेला उलटलेल्या गाडीपाशी दिसतो.

जिथे भाडे वाढते तिथेही बोजा शहरातल्या ग्राहकावरच पडतो असे नाही. लासलगावच्या कांद्याला दिल्लीत काय मिळेल हे दिल्लीचा बाजार ठरवतो. लासलगावचा व्यापारी त्यातून भाडे वजा करतो आणि मग लिलावात बोली लावतो. भाडे वाढले तर बोली उतरते. उलट दिशेने येणारे खत, सिमेंट, पत्रे यांचे वाढलेले भाडे मात्र त्याच शेतकऱ्याला मोजावे लागते. बाजारापासून जितके दूर, तितका हा कर जड. पेट्रोलच्या महागाईत परभणीचे नाव वर्षानुवर्षे वर राहिले, ते इंधन मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून टँकरने आणण्याच्या खर्चामुळे. आणि व्हॅट टक्क्यांत असल्याने मूळ किंमत जास्त तिथे करही जास्त.

रस्त्यांसाठी पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न इथे हमखास विचारला जातो. केंद्राच्या शुल्कातला एक भाग रस्ते व पायाभूत सुविधा उपकर या नावानेच घेतला जातो. मग तोच ट्रक समृद्धी महामार्गावर चढला की आसांच्या संख्येप्रमाणे किलोमीटरमागे टोलही देतो. चांगल्या रस्त्याचा टोल द्यायला वाहतूकदारांची ना नाही. वाचलेला वेळ आणि डिझेल त्यांनाही कळते. पण एकाच रस्त्याचे पैसे टाकीतून आणि काचेवरच्या फास्टॅगमधून, असे दोनदा का? शिवाय उपकर आणि अधिभार राज्यांत वाटायच्या करनिधीत जातच नाहीत. केंद्राच्या करांतला ४१ टक्के वाटा राज्यांना, हे सूत्र इंधनाच्या बाबतीत फक्त मूळ शुल्काला लागू होते, आणि डिझेलवरचे मूळ शुल्क २०२१पासून लिटरमागे १ रुपया ८० पैसे आहे. केंद्राने शुल्क वाढवायचे ते न वाटता येणाऱ्या नावाखाली आणि राज्यांनी भरपाई व्हॅटमधून करायची, अशी ही ओढाताण आहे.

२०१४आधीच्या सरकारने काढलेले तेलरोखे फेडायचे म्हणून कर वाढवावा लागला, हा युक्तिवादही बरीच वर्षे चालला. २०१४मध्ये या रोख्यांची थकबाकी सुमारे १ लाख ३४ हजार कोटी होती आणि त्यावरचे व्याज वर्षाला दहा हजार कोटींच्या घरात. एकट्या २०२०-२१ या वर्षात पेट्रोलियम पदार्थांवरच्या उत्पादन शुल्कातून केंद्राकडे सुमारे ३ लाख ७३ हजार कोटी जमा झाले. रोख्यांचा मुद्दा इथेच संपतो.

पर्यावरणाचा आक्षेप त्याहून वजनदार आहे. आपण लागणाऱ्या कच्च्या तेलातले ८५ टक्क्यांहून अधिक आयात करतो, शहरांची हवा बिघडलेली आहे, मग इंधन महाग असलेलेच बरे, असे म्हणणाऱ्यांशी माझे अर्धे मत जुळते. मोटारीच्या पेट्रोलबाबत हे ठीक आहे. महागाईने काही जण लोकलकडे, मेट्रोकडे, विजेच्या स्कूटरकडे वळतात, वळावेत. पण चाळीस-पन्नास टनी ट्रक उद्या सकाळी विजेवर चालवा म्हणण्यात अर्थ नाही. पर्याय नसलेल्यावर लावलेला कर त्याची सवय बदलत नाही, फक्त त्याचे पैसे घेतो. आणि पेट्रोलच्या बाबतीतही कोणाकडून किती घेतो हे पाहावे. त्याच २०२५च्या हिशेबाने मुंबईत १०३ रुपयांच्या पेट्रोलमध्ये सेहेचाळीस-सत्तेचाळीस रुपये कराचे. रोज चाळीस किलोमीटर स्कूटर चालवून पंधरा हजारांच्या नोकरीवर जाणारा माणूस महिन्याला नऊशे रुपयांहून अधिक इंधनकर भरतो. पगाराच्या सहा टक्के. त्याच्या खात्यात प्राप्तिकराचा एक रुपया नसेल, म्हणून तो ‘कर न भरणाऱ्यांत’ मोजला जातो! सिंधुदुर्गातले लोक गोव्यात जाऊन टाकी भरतात, त्याला करचुकवेगिरी म्हणायचे की शहाणपण?

राज्यांची बाजू खरी आहे. जीएसटीनंतर स्वतःच्या मर्जीने दर ठरवता येतील असे फार थोडे कर त्यांच्याकडे उरले, आणि इंधनावरचा व्हॅट हा त्यांतला मोठा. तो सोडा असे सांगणे सोपे, त्या जागी काय देणार हे सांगणे अवघड. एप्रिल २०२२मध्ये पंतप्रधानांनी व्हॅट न उतरवणाऱ्या राज्यांत महाराष्ट्राचे नाव घेतले तेव्हा त्या वेळचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी जीएसटीच्या थकबाकीचा हिशेब पुढे केला होता, तो याच पोटी. म्हणून डिझेल सरसकट स्वस्त करा किंवा उद्याच जीएसटीत आणा, अशी माझी मागणी नाही. सरसकट कपातीचा लाभ डिझेलवरची आलिशान मोटार चालवणाऱ्यालाही तितकाच मिळतो.

मधली वाट युरोपात रुळलेली आहे. फ्रान्स, बेल्जियम, स्पेन, इटली या देशांत पंपावर सगळे सारखाच दर मोजतात, पण व्यावसायिक मालवाहतूक करणाऱ्या जड वाहनांना डिझेलवरच्या शुल्काचा काही भाग ठरावीक काळाने परत मिळतो. फ्रान्समध्ये साडेसात टनांपासून पुढच्या गाड्यांना. आपल्याकडे खोटी बिले लावून परतावे लाटले जातील ही भीती रास्त आहे. पण ट्रक कोणत्या दिवशी कोणत्या नाक्यावरून गेला हे फास्टॅग सांगतो आणि कोणता माल कुठून कुठे निघाला हे ई-वे बिल सांगते. परतावा बिलावर न देता या नोंदींतून निघणाऱ्या किलोमीटरवर दिला, तर जीएसटीत नोंदणी नसलेला एका गाडीचा मालकही त्यात बसतो. खर्चाचा ढोबळ अंदाज बांधता येतो. देशात वर्षाला ९ कोटी टनांहून थोडे अधिक, म्हणजे सुमारे ११ हजार कोटी लिटर डिझेल खपते. मालवाहतुकीचा वाटा एक-तृतीयांश धरला आणि लिटरमागे पाच रुपये परत दिले, तर अठरा हजार कोटींच्या आसपास लागतील. एप्रिल २०२५मध्ये एका आदेशाने वाढवलेल्या दोन रुपयांतून वर्षाला याहून जास्त जमा होणार होते.

महाराष्ट्राला यासाठी दिल्लीची वाट पाहण्याचेही कारण नाही. व्हॅट राज्याचा आहे, त्यातले दोन-तीन रुपये राज्यात धावलेल्या किलोमीटरवर मालवाहू गाड्यांना परत करायला परिषदेची संमती लागत नाही. २०२४च्या विधानसभा निवडणुकीआधीच्या अर्थसंकल्पात मुंबई, ठाणे, नवी मुंबईतला डिझेलवरचा व्हॅट २४वरून २१ टक्क्यांवर आला तेव्हा अर्थमंत्री अजित पवारांच्या भाषणातली एक घोषणा पुरली होती. त्या कपातीत मलबार हिलवरची डिझेल मोटारही होती आणि भिवंडीहून वाशीला माल घेऊन येणारा टेम्पोही. परताव्याच्या घोषणेत फक्त टेम्पो असेल.