पाय कुठंयत?

गेल्या विकांताला घरी मुरबाडला गेलो होतो. तिथून सरळगाव, किन्हवलीमार्गे शहापूरकडे एका मित्राच्या पाड्यावर. गाडीत 'वार्द्रुना' लावलं होतं. नॉर्वेचा बँड, डार्क फोक म्हणतात त्या जातीचा. आयनार सेल्विकने २००९ ते २०१६ या काळात 'रुनाल्योद' ही तीन अल्बमची मालिका केली. आवाजावर आवाज, ढोल, शिंगं, सगळा मोठा पसारा. 'व्हायकिंग्स' मालिकेमुळे नाव जगभर झालं. आणि मग २०१८ मध्ये आला 'स्काल्ड'. बरंचसं एक गळा आणि एक जुनं तंतुवाद्य, स्टुडिओत थेट वाजवलेलं. नाव झाल्यावर लोक पसारा वाढवतात, याने आवरला! मला हा अल्बम जाम आवडतो.

पण खरी गोष्ट पुढे आहे.

त्या पाड्यावर एक आजोबा तारपा वाजवतात. वाळलेला दुधी, खाली बांबूच्या दोन नळ्या, टोकाला ताडाच्या पानांचा भोंगा. श्वास न तोडता वाजवायचं, आणि नाचणारे भोवती फेर धरतात. मागच्या वर्षी मी ते मोबाईलवर रेकॉर्ड केलं होतं. मग आपल्यातला इंजिनिअर जागा झाला. नॉइज काढला, श्वासाचा आवाज काढला, खाली तयार बीट टाकला. यावेळी मोठ्या कौतुकाने आजोबांना हेडफोन लावून दिला. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "यात पाय कुठंयत?"

च्यायला! मी नॉइज म्हणून जे काढलं होतं, ते पायच होते. तारपा ऐकायला नसतोच, नाचायला असतो. फेर बघून वाजवणारा चाल बदलतो. पाय काढले की उरतो रिंगटोन.

सेल्विकला मागे जाताना बरंच अंदाजाने जावं लागतं. व्हायकिंग काळातल्या संगीताचं एकही नोटेशन उरलेलं नाही. आपल्याकडे मूळ आवाज अजून जिवंत आहे. २०१४ मध्ये पालघर वेगळा होईपर्यंत जव्हार आणि शहापूर एकाच जिल्ह्यात होते. त्याच जव्हारच्या वाळवंड्याचे भिकल्या धिंडा नव्वदीतही तारपा वाजवणारे म्हणून ओळखले जातात. आपल्याला काहीही नव्याने शोधायचं नाहीये, फक्त हरवू द्यायचं नाहीये.

आता कोणी म्हणेल, पाड्यावरच्या पोरांना डीजे हवाय, तू कोण सांगणारा? बरोबर आहे. मी स्वतः हापिसात एसीत बसणार आणि त्यांनी माझ्यासाठी 'कच्चं' राहायचं, हा निव्वळ माज झाला. पण पोरांना विचारलं तर उत्तर साधं मिळालं: डीजेवाल्याला आधी पैसे मोजतात, तारपावाल्याला जेवण. मग शिकणार कोण?

म्हणून माझं मत एवढंच. तारपा 'फ्यूजन' करून वाचणार नाही. डीजेइतकीच सुपारी तारप्याला मिळाली, तर वाचेल. आणि रेकॉर्ड करायचंच असेल तर श्वास, धूळ, पाय सगळं असू द्या.

ती फाईल मी डिलीट केली. मूळ रेकॉर्डिंग ठेवलंय, आजोबांच्या नातवालाही दिलंय. पुढच्या भातकापणीनंतर परत जायचंय.

यावेळी हेडफोन नेणार नाही.