चिन्ह कधी उलटते?



सातवी-आठवीत ज्यांना समीकरणे सुटतात, त्यांना असमीकरणेही सुटतात. पुढे अकरावी-बारावीत ती भेटणारच, म्हणून आताच ओळख करून घेऊ. समीकरणात ‘बरोबर’चे चिन्ह असते. असमीकरणात < म्हणजे ‘पेक्षा लहान’ आणि > म्हणजे ‘पेक्षा मोठे’. ही चिन्हे थॉमस हॅरियट या इंग्रज गणितज्ञाच्या १६३१ सालच्या ग्रंथात प्रथम छापली गेली. चिन्हाखाली रेघ असेल तर ‘किंवा बरोबर’ असेही वाचावे.

उदाहरण घरचेच घेऊ. आईजवळ ५०० रुपये आहेत. एक वही ३५ रुपयांची. बसभाड्याला निदान १५० रुपये उरले पाहिजेत. तर जास्तीत जास्त किती वह्या घेता येतील? वह्यांची संख्या क्ष मानू.

५०० − ३५क्ष ≥ १५०

दोन्ही बाजूंतून ५०० वजा करा:

−३५क्ष ≥ −३५०

आता दोन्ही बाजूंना −३५ ने भागा. इथे चिन्ह उलटते:

क्ष ≤ १०

का उलटते? नियम नुसता पाठ करू नका. ३ रुपये हे ५ रुपयांपेक्षा कमी. पण ३ रुपये देणे असलेला माणूस ५ रुपये देणे असलेल्यापेक्षा बरा. म्हणजे ३ < ५, पण −३ > −५. ऋण संख्येने गुणले किंवा भागले की क्रम फिरतो. बेरीज-वजाबाकीत, तसेच धन संख्येने गुणताना-भागताना चिन्ह जसेच्या तसे राहते.

चिन्ह उलटवले नाही तर उत्तर येईल, ‘१० किंवा त्याहून जास्त वह्या’. २० वह्यांचे तर ७०० रुपये होतात! शाळेची पायरी न चढलेली आईही सांगेल की हे चुकले. म्हणून पालकहो, ‘आम्हाला काय कळते’ म्हणून बाजूला होऊ नका. मुलीला विचारा, १० वह्या घेतल्या तर किती उरतील? १५०. आणि ११ घेतल्या तर? ११५, म्हणजे भाड्याला कमी. या पडताळणीला क्लासची फी लागत नाही. गणिताच्या धास्तीने आपली मुले विज्ञान-वाणिज्य शाखेच्या दारातून परत फिरतात, ती धास्ती अशीच घरात मोडते.

सरावासाठी हे घ्या: ३(क्ष − २) < ५क्ष + ४. आधी कंस सोडवा, मग क्षची पदे एका बाजूला आणा. −२क्ष < १० येईल. पुढची पायरी तुमची. उत्तर क्ष > −५ आले पाहिजे. क्षच्या जागी ० आणि −६ घालून, कोणते जमते आणि कोणते नाही, ते घरच्यांना दाखवा.