‘आत्ता नाही’ आणि ‘नाही’

शिक्षक मित्रांनो आणि पालकांनो, मुलाचा प्रोजेक्ट चालेना की आपण पहिलं काय म्हणतो? "पार्ट खराब असेल, नवा आण." मीही तेच म्हणालो होतो. माझा एक जुना विद्यार्थी, आता डिप्लोमाला आहे, छोट्या लिनक्स बोर्डाला स्क्रीन जोडून तिचा ड्रायव्हर लिहीत होता. स्क्रीन सुरूच होईना. लॉगमध्ये उणे १९, म्हणजे ‘असं उपकरणच नाही’. वडिलांनी नव्या स्क्रीनसाठी पैसेही काढून ठेवले.

स्क्रीन ठणठणीत होती. तिला वीज देणाऱ्या रेग्युलेटरची कर्नलमध्ये अजून नोंदच झाली नव्हती आणि हा ड्रायव्हर त्याआधीच वीज मागायला हजर! पोराने जुगाड केला. रेग्युलेटरचा ड्रायव्हर बूट होताना लवकर सुरू होईल असा वर सरकवला. स्क्रीन उजळली, सबमिशन झालं, पैकीच्या पैकी मार्क.

पुढे त्याने कर्नल नव्याने बांधला. रेग्युलेटर ज्या आय-टू-सी बसवर आहे तिचा ड्रायव्हर आता उशिरा लोड होऊ लागला आणि स्क्रीन पुन्हा काळी.

या वेळी तो लॉग घेऊन नीट बसला. कर्नलने मुळात उत्तर दिलं होतं उणे ५१७. त्याचा अर्थ ‘आत्ता नाही, नंतर विचार’. २०१२च्या ३.४ आवृत्तीपासून लिनक्समध्ये ही सोय आहे. ड्रायव्हरने हे उत्तर जसंच्या तसं परत दिलं, तर कर्नल त्या उपकरणाला थांबलेल्यांच्या यादीत ठेवतो आणि दुसरं एखादं उपकरण सुरू झालं की पुन्हा हाक मारतो. पण याच्या कोडमध्ये कुठलीही चूक आली तरी उणे १९च परत जायचं. मग कर्नल कशाला परत विचारतोय? दुरुस्ती एका ओळीची. आलेला आकडा तसाच पुढे द्यायचा.

आता सांगा, या ओळीचे मार्क आपण कुठल्या रकान्यात देणार? आपल्या तक्त्यात ‘आउटपुट’ असतं, ‘कारण सापडलं’ नसतं. जुगाडाला पूर्ण मार्क देऊन आपणच मुलांना तिथे थांबायला शिकवतो, असं माझं स्पष्ट मत आहे. पुढच्या प्रात्यक्षिकाला मी लॉगची वही मागणार आहे. काय दिसलं, काय वाटलं, काय करून पाहिलं. निम्मे मार्क त्याला. पालकांनो, तोवर नवा पार्ट आणू नका.

त्या स्क्रीनचे पैसे अजून वडिलांच्या खिशातच आहेत.