इंजिनाच्या संगणकातले बदल : ताकद वाढवा, पण हिशेब उघडा ठेवा

मोटारीच्या इंजिनाची ताकद वाढवणे आज पूर्वीइतके कष्टाचे राहिलेले नाही. एके काळी त्यासाठी इंजिन उतरवावे लागे. पिस्टन, कॅमशाफ्ट, कार्ब्युरेटर यांना हात घालावा लागे. आता टर्बो असलेल्या गाडीच्या डॅशबोर्डखालच्या सॉकेटला केबल जोडून इंजिनाच्या संगणकातील, म्हणजे ईसीयूतील, तक्ते बदलले की एका दुपारीत त्याच इंजिनातून बरीच जास्त ताकद निघते. एखादी गाडी हाती घेऊन वर्षानुवर्षे तिच्यावर काम करणाऱ्या, तिला ‘प्रोजेक्ट कार’ म्हणणाऱ्या हौशी मंडळींचा वर्ग पुण्या-मुंबईत चांगलाच रुजला आहे. लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर भरलेल्या ‘व्हॅली रन’ स्पर्धांत पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, अंतर कोण कमी वेळात कापतो हे पाहायला गर्दी लोटली, ती याच हौसेपोटी.

या हौसेला नाके मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. यंत्र उघडून पाहण्याची इच्छा हीच अभियांत्रिकीची पहिली पायरी आहे. मात्र या क्षेत्रात आपण एक विचित्र तडजोड स्वीकारली आहे : कायद्याने जवळजवळ सर्व बदलांना मनाई, आणि व्यवहारात जवळजवळ सर्व बदलांकडे डोळेझाक. या तडजोडीत सर्वांत मोठे नुकसान विज्ञानाचे आणि रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाचे होते, असे माझे मत आहे. ते का, हे समजण्यासाठी आधी थोडे भौतिकशास्त्र पाहू.

इंजिन गाडी ढकलत नाही; रस्ता ढकलतो. टायर रस्त्याला मागे रेटतो आणि रस्ता टायरला पुढे रेटतो. या रेट्याची कमाल मर्यादा ठरते ती चाकावरील भार आणि घर्षण गुणांक यांच्या गुणाकाराने. एक साधे उदाहरण घेऊ. १,००० किलो वजनाची, पुढची चाके फिरवणारी लहान गाडी आहे. तिचे ६०० किलो वजन पुढच्या चाकांवर आहे. पावसाने भिजलेल्या डांबरावर घर्षण गुणांक ०.५ धरला, तर पुढची दोन्ही चाके मिळून सुमारे २,९४० न्यूटन बल रस्त्यावर उतरवू शकतात. चाकाची त्रिज्या ०.३ मीटर असेल, तर ही मर्यादा सुमारे ८८० न्यूटन-मीटर टॉर्कची झाली.

आता मूळ इंजिनाचा टॉर्क ११० न्यूटन-मीटर आणि दुसऱ्या गिअरमधील एकूण गुणोत्तर ७.५ धरा. चाकापर्यंत पोहोचतात सुमारे ८२५ न्यूटन-मीटर. मर्यादेच्या जेमतेम आत, पण आत. इंजिनाचा टॉर्क २०० न्यूटन-मीटरवर नेला की त्याच गिअरमध्ये चाकावर १,५०० न्यूटन-मीटर येतात. तिसऱ्या गिअरमध्ये, गुणोत्तर ५.२ धरले तरी, १,०४० येतात. गिअरबॉक्समधील तूट आणि वेग घेताना मागे सरकणारा भार मी येथे सोडून दिला आहे, पण निष्कर्ष त्याने बदलत नाही. जी गाडी ओल्या रस्त्यावर केवळ पहिल्या गिअरमध्ये चाके घसरवत असे, ती आता तिसऱ्या गिअरमध्येही घसरवू शकते. तिसरा गिअर म्हणजे शहरातल्या रस्त्यावरचा रोजचा वेग.

चाक जागच्या जागी फिरू लागले की केवळ टायर झिजत नाही. टायरची पकड ही एकाच थैलीतील पुंजी असते. पुढे ढकलणे, थांबवणे आणि वळवणे हे तिन्ही खर्च त्यातूनच भागवावे लागतात. सगळी पुंजी पुढे ढकलण्यात उधळली की वळण्यासाठी काही उरत नाही. पुढची चाके घसरली तर स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळ जाते. मागची घसरली तर गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो. घाटातल्या वळणावर दोन्हींचा शेवट सारखाच होऊ शकतो.

ट्रॅक्शन कंट्रोलचे काम ही उधळपट्टी रोखणे. टायरची पकड सर्वाधिक असते ती चाक जराही न घसरता नव्हे, तर साधारण १० ते २० टक्के घसरत असताना. गाडी ताशी ४० किलोमीटरने जात असेल आणि इंजिनाने फिरणाऱ्या चाकाचा परीघ ताशी ४६ किलोमीटरने, तर घसरण १५ टक्के. ही यंत्रणा चारही चाकांचे वेग सतत मोजते आणि घसरण या पट्ट्याबाहेर गेली की इंजिनाला आवरते. चाकाच्या दातेरी कड्यावर ४८ दाते आणि टायरचा परीघ १.९ मीटर असेल, तर ताशी १०० किलोमीटर वेगाला एका चाकाकडून सेकंदाला सुमारे ७०० स्पंद येतात. मोजमाप इतके बारीक आहे म्हणूनच निर्णय इतका जलद घेता येतो.

इंजिनाला आवरण्याचे मार्गही वेगवेगळे आहेत. थ्रॉटल मिटवणे हा सर्वांत सौम्य मार्ग. पण नळ्यांमध्ये आधीच भरलेली हवा संपेपर्यंत इंजिन जोर लावतच राहते. ठिणगी उशिरा पाडणे किंवा काही सिलिंडरांत पाडूच न देणे हा सर्वांत जलद मार्ग : चार सिलिंडरांच्या इंजिनात मिनिटाला ६,००० फेऱ्यांना सेकंदाला २०० ज्वलने होतात, त्यामुळे पुढच्याच ज्वलनापासून परिणाम दिसतो. मात्र ठिणगीविना सिलिंडरात शिरलेले इंधन जळल्यावाचून बाहेर पडते आणि एक्झॉस्टमधील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते. स्पर्धेतल्या गाडीला कन्व्हर्टरच नसेल तर ते खपून जाते. रस्त्यावरच्या गाडीत त्याच्या आतील नाजूक जाळीचा कोळसा होतो आणि तिचा धूर आपल्या सर्वांच्या छातीत जातो.

हौशी कामातली सर्वांत दुर्लक्षित बाजू म्हणजे वायरिंग. बाहेरून आणलेल्या नव्या ईसीयूला चाकांचे वेग हवे असतात आणि ते सेन्सर गाडीत आधीच असतात, कारण एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे नव्या मोटारींना एबीएस बंधनकारक आहे. मग त्याच तारांना जोड मारला जातो. हा जोड सदोष असेल, तार इग्निशन कॉइलच्या शेजारून नेली असेल, अर्थिंग कच्चे असेल, तर सेन्सरचा संकेत बिघडतो आणि एबीएस स्वतःला बंद करून घेते. म्हणजे सुटताना घसरू नये म्हणून बसवलेल्या यंत्रणेने थांबताना न घसरण्याची सोय काढून घेतली. कोरड्या उन्हाळ्यात नीट चाललेला असा जोड पुण्यातल्या दोन पावसाळ्यांत हिरवा पडतो. विद्यार्थ्यांसाठी एक सोपी परीक्षा सांगतो : गाडीतील संगणक एकमेकांशी ज्या कॅन-बसवरून बोलतात, तिच्या दोन पिळलेल्या तारांच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोध असतो. बॅटरी सोडवून त्या दोन तारांमध्ये मल्टिमीटर लावल्यास ६० ओहमच्या आसपास आकडा दिसायला हवा. १२० दिसला तर एक टोक हरवले आहे. ४० दिसला तर कोणीतरी तिसरा रोध घुसवला आहे. पाच मिनिटांची ही तपासणी किती गॅरेजांत होते?

आता कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेला मूळ तपशील आणि आरसी बुकातील तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने के. जयचंद्र प्रकरणात हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. परंतु कलम ५२ चे स्पष्टीकरण ‘बदल’ या शब्दाचा अर्थ लावते तो वाहनाच्या संरचनेतील असा फरक, ज्याने त्याचे मूळ स्वरूप बदलते. रुंद टायर दिसतात, कर्कश सायलेन्सर ऐकू येतो. तक्त्यांतील आकडे ना दिसतात, ना ऐकू येतात. पीयूसी तपासणीत पेट्रोल गाडी उभी असते, इंजिनावर भार नसतो. पूर्ण भाराखालचा बदललेला तक्ता तेथे उघडा पडतच नाही.

अदृश्य आज्ञावलीपुढे नियम कसा हतबल होतो, याचा अनुभव जगाने घेतला आहे. फॉर्म्युला वनमध्ये १९९४ पासून ट्रॅक्शन कंट्रोलवर बंदी होती. पण संघांच्या संगणकांत ते लपले आहे की नाही, हे खात्रीने सांगता येईना. म्हणून २००१ च्या हंगामात ते पुन्हा खुले करावे लागले. २००८ मध्ये बंदी परत आली आणि टिकली, कारण या वेळी सर्व संघांना एकच प्रमाणित ईसीयू वापरणे सक्तीचे केले गेले. तपासण्याची सोय झाल्यावरच नियमाला अर्थ आला. दुसरे उदाहरण आपल्या दाराशीच आहे. २०१५ मध्ये फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांतील फसव्या आज्ञावलीचे प्रकरण अमेरिकेत उघड झाले, तेव्हा आपल्याकडील गाड्यांची तपासणी पुण्याच्या वेताळ टेकडीवरील एआरएआय या संस्थेने केली. प्रयोगशाळेतील धूर आणि प्रत्यक्ष रस्त्यावरचा धूर यांत फरक आढळला आणि त्या डिसेंबरात कंपनीने भारतातील सुमारे ३.२३ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याची घोषणा केली. ज्या संस्थेने ही तपासणी केली, तिच्यापासून काही किलोमीटरवर रोज कोणाचा तरी ईसीयू नव्याने लिहिला जातो आणि त्याची नोंद कोठेही होत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो : वाट मोकळी केली की उधळेपणाला उत्तेजन मिळेल. आक्षेप गंभीर आहे, पण आपल्याच अनुभवाने त्याचे उत्तर दिले आहे. सीएनजी किट हाही इंजिनाच्या व्यवस्थेतील हस्तक्षेपच आहे. इंजेक्टरच्या तारांना जोड मारून दुसरा संगणक बसवला जातो. तरीही कायद्याने त्याला वाट दिली : मान्यताप्राप्त किट, अधिकृत केंद्रात जोडणी, आरटीओकडून तपासणी आणि आरसी बुकात नोंद. जुन्या गाड्यांना विजेवर चालवणाऱ्या किटसाठीही चाचणीची प्रमाणके ठरली आहेत. जर्मनीत तर तज्ज्ञाने तपासून प्रमाणित केलेले बदल गाडीच्या कागदपत्रांत नोंदवण्याची रीत दीर्घकाळ रुळली आहे. मग ईसीयूच्या बदलांनाच अंधारात का ठेवायचे?

माझी मागणी नेमकी आहे. ताकद वाढवणारा बदल नोंदवता यावा. पण नोंद व्हायची असेल तर भाराखाली धुराची चाचणी व्हावी, एबीएस आणि स्थिरता-नियंत्रण शाबूत असल्याचे ओल्या पृष्ठभागावर दाखवावे, वाढलेल्या वेगाला पुरतील असे ब्रेक असावेत, आणि ईसीयूत लिहिलेल्या तक्त्यांची प्रत परीक्षकाकडे राहावी. ज्याची नोंद नाही ती गाडी स्पर्धेच्या बंदिस्त मार्गावरच चालावी, आणि तेथे ती ट्रेलरवरून न्यावी.

ही शिस्त आपल्या विद्यार्थ्यांना अपरिचित नाही. आयआयटी मुंबईपासून पुण्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांपर्यंत अनेक संघ फॉर्म्युला स्टुडंट धर्तीच्या स्पर्धांसाठी स्वतः मोटारी बांधतात. त्या स्पर्धांत ट्रॅक्शन कंट्रोलला मनाई नाही. पण धावण्याआधी गाडी ६० अंशांत कलवून पाहतात, चारही चाके एकाच वेळी जाम करून दाखवावी लागतात, विजेच्या गाडीवर पाण्याचा फवारा मारतात, आणि प्रत्येक निर्णयाचे कारण परीक्षकांपुढे मांडावे लागते. तिथे वेगाचा मान ब्रेकच्या नंतर येतो. विशीतली मुले जे करू शकतात, ते व्यावसायिक गॅरेजांना करता येऊ नये, हे मला पटत नाही.

शेवटी एक मर्यादा स्पष्टपणे सांगायला हवी. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्शे मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. अशा मोटारीत ट्रॅक्शन कंट्रोल आणि स्थिरता-नियंत्रण कारखान्यातूनच येते. ही यंत्रणा चाक घसरते की नाही एवढेच पाहते; रस्त्यावर कोण आहे, किती वेग रास्त आहे, हे ती ठरवत नाही. म्हणून नोंदणी आणि चाचणीची वाट मागताना वेगमर्यादेची अंमलबजावणी आणि चालकाची जबाबदारी यांत तसूभरही सूट मागता येणार नाही.

तुमच्यापैकी जे अभियांत्रिकीचे विद्यार्थी आहेत, गॅरेज चालवतात किंवा प्रोजेक्ट कारवर काम करतात, त्यांनी आपला अनुभव खाली जरूर लिहावा : नोंदणीची अशी वाट खुली झाली, तर तुमची गाडी आज त्या चाचणीत उतरेल का?

#विज्ञान #वाहन_अभियांत्रिकी #रस्ता_सुरक्षा